अंगणवाडीत ‘नुसते खेळवतात’, मग नर्सरी बरी का?

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची मुलगी गावातल्या अंगणवाडीत जाते. तेथे गाणी, खेळ आणि खिचडी यांपलीकडे काही होत नाही, अशी घरच्यांची तक्रार आहे. शेजाऱ्यांचा तेवढाच मुलगा तालुक्याच्या नर्सरीत जातो आणि शंभरपर्यंत आकडे लिहितो. मुलीलाही तेथे घालावे का?
— एक पालक, जि. सातारा

उत्तर : त्या मुलापुढे मूठभर चिंचोके ठेवून ‘यातले सात मला दे’ असे सहज सांगून पाहा. आकडे गिरवता येणे आणि संख्या उमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वयात गरज दुसरीची असते. मणी ओवताना, माती मळताना, कागद फाडून चिकटवताना बोटांना पेन्सिल धरण्याचे बळ येते. गाण्यागोष्टींतून जो शब्दसाठा जमतो त्यावरच पुढे वाचन उभे राहते. म्हणजे घरचे ज्याला नावे ठेवत आहेत, तोच या वयाचा अभ्यास आहे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया आणि पाने वापरली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांनी, मुले गुरांमागे जातात म्हणून, शाळाच कुरणात नेली.

याचा पुढे उपयोग काय, असे घरचे विचारतील. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, यप्सिलँटी येथे १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करून एकाच गटाला बालशाळा देण्यात आली. बुद्धिगुणांकातील आघाडी काही वर्षांत ओसरली. मात्र चाळिशीत पाहिले असता बालशाळेत गेलेल्यांचे शिक्षण, नोकरी आणि कमाई सरस होती, अटकेचे प्रसंगही कमी होते. अर्थात तेथे एका शिक्षिकेकडे मोजकीच मुले होती आणि ती दर आठवड्याला घरी येऊन आईशी बोलत असे. ‘नर्सरी’ अशी पाटी लावलेल्या कोणत्याही वर्गाला हे श्रेय आपोआप मिळत नाही.

अंगणवाडीलाही मिळत नाही. सेविकेकडे वजने, पोषण आहार, लसीकरणाचा पाठपुरावा आणि मोबाइलवरच्या नोंदी एवढे असते की पूर्वशालेय शिक्षणाचा तास सहज गिळला जातो, आणि खेळण्यांचा संच ‘खराब होईल’ म्हणून कपाटात राहतो (हा काटकसरीचा सर्वांत महागडा प्रकार). तेव्हा एक सकाळ दोन्ही ठिकाणी बसून पाहा. बाई मुलांना प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतात का? मुलांच्या हातात वस्तू आहेत का? नर्सरीत मुले फळ्यावरचे उतरवत बसलेली दिसली, तर फी आणि रोजचा व्हॅनचा प्रवास दोन्ही वाचवा. अंगणवाडीत संच कुलपात दिसला, तर आधी सेविकेशी बोला आणि इतर पालकांना सोबत घेऊन पर्यवेक्षिकेकडे विषय काढा. शाळा बदलण्याचा विचार त्यानंतर करावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिलीचे वय सहा आहे, त्यामुळे आपल्यापाशी अजून अडीच वर्षे आहेत.