आधी वहीत टिपून ठेव

अगं, तूही केस उपटतेस म्हणून घरचे "मनावर ताबा ठेव" म्हणतात, ते मनाला लावून घेऊ नकोस. केस उपटणं ही खोड नाही, आजार आहे. ट्रायकोटिलोमेनिया हे नाव त्याला 1889 साली हालोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं. म्हणजे आपण काही पहिल्या नाही.

सांगलीत विश्रामबागेच्या खोलीवर अभ्यासाला बसले की माझा डावा हात नकळत टाळूवर जायचा. बोटं नेमका एखादा राठ केस शोधायची. तो मुळासकट निघाला की क्षणभर सुटल्यासारखं वाटायचं, मग वहीवर पडलेले केस बघून रडू यायचं. वेणी घालताना तो टक्कलाचा रुपयाएवढा चट्टा झाकायचा कसा, हीच रोजची चिंता.

पहिले पंधरा दिवस थांबवायचा हट्ट धरू नकोस, नुसतं टिपून ठेव: किती वाजता, कुठे बसून, कोणता हात, मनात काय होतं. माझं बहुतेक सगळं रात्री दहानंतर व्हायचं. मग हात वर निघाला की मूठ आवळून मिनिटभर तशीच धरायची. याला हॅबिट रिव्हर्सल म्हणतात. 1973 पासूनची पद्धत आहे, आणि भरवसा आजही तिच्यावरच जास्त. वाचताना मी बोटांना चिकटपट्टी गुंडाळायचे.

तेला-मलमावर पैसे घालवू नकोस. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, मानसोपचारतज्ज्ञांना गाठ. केस गिळत असशील तर तेही सांग, पोटात केसांचा गोळा होऊ शकतो. जाणं जमत नसेल तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मोफत आहे, मराठीत बोलतात.

वही आजच घे. पहिल्या पानावर काय आलं ते मला कळव.