ध्यान खिडकीत, फावडं तिच्या हातात

पत्र : निवृत्तीनंतर हिमवर्षाव पाहणं हीच माझी साधना झाली आहे. पहाटे खिडकीशी बसतो. ती शुभ्रता, ती शांतता पाहून देवाचे आभार मानतो, डोळे भरून येतात. बायकोला मात्र त्याचं काहीच नाही. कितीदा बोलावलं तरी ती शेजारी येऊन बसत नाही. तेव्हा तिचं बाहेर पायऱ्या मोकळ्या करणं चालू असतं. आत येते तीही चिडलेली. तिच्या मनात कृतज्ञता कशी जागवू?

उत्तर : ‘तेव्हा तिचं बाहेर पायऱ्या मोकळ्या करणं चालू असतं.’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत आणि पुढे गेलात. मला काही पुढे जाता येईना.

तुमचे भरून आलेले डोळे खोटे नाहीत. ती शांतताही खरीच आहे. ताज्या, भुसभुशीत बर्फात ९० टक्क्यांच्या आसपास नुसती हवा असते. कणाकणांमधल्या त्या पोकळ्या आवाज शोषून घेतात, म्हणून सगळं कसं निःशब्द वाटतं. पण त्याच बर्फावर चार पावलं पडली, तो जरा वितळून पुन्हा गोठला, की पायरीला असा चिकटतो की फावडं नुसतं खरवडत राहतं. म्हणून तो पहाटेच काढावा लागतो. तुम्ही खिडकीशी बसता नेमक्या त्याच वेळी. तुम्ही पडायला नको म्हणून ती गारठलेल्या बोटांनी वाट करते आणि आत आल्यावर तुम्ही तिला कृतज्ञतेचे धडे देता. चिडेल नाही तर काय?

अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ पासून हिमकणांची ५०००हून अधिक छायाचित्रं घेतली. काळ्या फळीवर कण झेलायचा, काडीने उचलून काचेवर घ्यायचा, पिसाने अलगद दाबून बसवायचा आणि श्वासाच्या उबेने तो विरघळू नये म्हणून श्वास रोखून राहायचा. सगळं कडाक्याच्या थंडीत. हिमावर एवढा जीव जडलेला माणूस उबेत बसून राहिला नाही.

देवाचे आभार जरूर माना. पण तुमच्या पहाटेचा पहिला मान बायकोचा आहे आणि तो तिला शब्दांत नको आहे. यापुढे फावडं तुम्ही हातात घ्या. एक दिवस कौतुकापुरतं नव्हे, बर्फ पडेल तेव्हा दर वेळी, ती उठायच्या आत. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण थंडीत या कामाचा हृदयावर फार ताण येतो. नसला, तरी फावडं अर्धंच भरा, उचलण्यापेक्षा ढकला, मध्ये थांबा. थांबाल तेव्हा बाहीवर पडलेले कण बघा. काचेआडून ते दिसत नाहीत.

ती तेव्हा खिडकीशी येऊन बसली तर बसू द्या, गाढ झोपली असेल तर झोपू द्या. तिच्या मनात कृतज्ञता जागी झाली का, हे मात्र विचारायला जाऊ नका.