गेंड्याच्या पाठीवरचे फ्रेंच घड्याळ आणि खांद्यावरचे दुसरे शिंग

आपल्या घरातील जुन्या घड्याळाची तबकडी कांस्याच्या गेंड्याच्या पाठीवर बसवलेली आहे, त्या गेंड्याच्या खांद्यावर एक लहानसे जादा शिंग आहे, आणि हे घड्याळ फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातले असावे का, असे आपण विचारले आहे. शिंगाचा उलगडा गोव्यातून सुरू होतो.

गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने तो स्वतः पाहिला नव्हता. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि रेखाटन एवढ्याच आधारावर त्याने लाकडी ठशाचे चित्र केले, त्यात कातडीला चिलखताचे रूप दिले आणि खांद्यावर एक शिंग आपल्या पदरचे बसवले. युरोपने पुढची दोनशेहून अधिक वर्षे हाच गेंडा खरा मानला. आपल्या घड्याळावरचे शिंग त्याच चित्रातून आलेले आहे.

हा समज हलवला तो क्लारा नावाच्या गेंड्याच्या मादीने. डौवे मौट व्हान डर मेर या डच कप्तानाने तिला १७४१ मध्ये बंगालमधून रॉटरडॅमला नेले आणि पुढे अनेक देशांत तिचे प्रदर्शन मांडले. १७४९ मध्ये ती पॅरिसला आली, तेव्हा शहराला गेंड्याचे अक्षरशः वेड लागले आणि ऊद्री या चित्रकाराने तिचे पूर्णाकृती चित्र रंगवले. त्या सुमारास झां-जोसेफ द सां-जर्मे हा पॅरिसचा नामांकित ओतारी गेंडा, हत्ती अशा प्राण्यांची घड्याळे घडवत होता. अशा घड्याळांत प्राण्याचे अंग बहुधा गडद तपकिरी ठेवलेले असते, तर खालचा वेलबुट्टीचा खडक आणि वरची पेटी सोनेरी असते. हा विरोध मला त्यांतील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

ते सोनेरीपण पाऱ्याचे देणे आहे. सोने पाऱ्यात कालवून तो लेप कांस्यावर चढवत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफांनी कारागिरांचे हात थरथरू लागत आणि आयुष्ये आखूड होत. तेथील कारागीर-संघांच्या नियमांमुळे ओतारी, मुलामा देणारा आणि घड्याळजी हे निरनिराळे असत, म्हणून तबकडीवरचे नाव सहसा घड्याळजीचे असते, शिल्पाच्या कर्त्याचे नव्हे.

आता काळाविषयी. केवळ शिंगावरून घड्याळ १७४९ पूर्वीचे ठरवू नये, कारण क्लारा येऊन गेल्यावरही जुना नमुना लगेच मोडीत निघाला नाही, आणि एकोणिसाव्या शतकात तर अशा घड्याळांच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर निघाल्या. मी आधी मागचे झाकण उघडतो. अठराव्या शतकातील लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला असे. पोलादी पट्टीची टांगणी आणि बाराच्या वर किल्लीचे बारीक भोक दिसले, तर ती ब्रोको पद्धत होय आणि ती १८४० च्या आसपासची किंवा नंतरची. तरीही जुन्या घड्याळांतील टांगणी, क्वचित सगळे यंत्रच, नंतर बदललेले आढळते, त्यामुळे ओतकामाची आतली बाजूही पाहावी लागते. कांस्यावर मुकुटाखाली C या रोमन अक्षराचा बारीक ठसा असेल, तर तो १७४५ ते १७४९ या काळातील करवसुलीचा असतो. मात्र तो खोटाही मारला जातो, हे लक्षात असू द्यावे.

पाठीमागच्या यंत्राचे, बैठकीच्या तळाचे आणि खांद्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून येथे टाकावे. तोवर चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची भुकटी मुळीच लावू नये, कारण मुलाम्याचा थर अतिशय पातळ असतो आणि एकदा निघालेले सोने परत चढवले तरी मूळचे राहत नाही.