पायथनचा प्रोग्रॅम फार हळू चालतोय. नवी आवृत्ती टाकू, की सरळ सी++ मध्ये लिहून काढू?

सी++ ला इतक्यात हात लावू नका. आधी वेळ नेमका कुठे जातोय ते बघा. कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला हे मोजणारं सीप्रोफाइल पायथनसोबत फुकट येतं, तरी ते चालवायचा कंटाळा सगळ्यांनाच. मलाही होता.

माझ्याकडे २ लाख ओळींची एक फाइल होती. प्रत्येक ओळीतला ग्राहक क्रमांक ५०,००० क्रमांकांच्या यादीत आहे का, एवढंच तपासायचं. सात-आठ मिनिटं लागायची आणि मी पायथनच्या नावाने खडे फोडायचो. प्रोफाइल काढलं तर जवळजवळ सगळा वेळ एकाच फंक्शनच्या नावावर, आणि त्यात काम म्हणावं अशी ओळ एकच: ‘इफ क्रमांक इन यादी’. लिस्टमध्ये शोधायचं म्हणजे पहिल्यापासून एकेक ताडून बघणं. क्रमांक सापडलाच नाही तर ५०,००० वेळा, असं २ लाख ओळींसाठी. म्हणजे १,००० कोटी तुलनांपर्यंत मजल! लूपच्या आधी एकदाच लिस्टचा सेट केला. सेट हॅशवरून, म्हणजे क्रमांकावरूनच काढलेल्या आकड्यावरून, थेट जागेवर जातो. काम सेकंदाच्या आत संपलं. पायथनची आवृत्ती तीच होती.

आता आवृत्तीचं. ३.१० किंवा त्याआधीची असेल तर बदलाच. २०२२ मध्ये आलेली ३.११ ही ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान आहे. ‘अ + ब’ दिसलं की जुना इंटरप्रिटर (तुमचा कोड वाचून चालवणारा पायथनचा भाग) दर वेळी विचारायचा: हे पूर्णांक आहेत, स्ट्रिंग आहेत, की आणखी काही? ३.११ पासून तो लक्ष ठेवतो. त्या ठिकाणी सारखे पूर्णांकच येत असतील, तर तिथली सूचना बदलून खास पूर्णांकांच्या बेरजेची टाकतो. रोजच्या एसटीचा कंडक्टर न विचारता तुमच्या गावचं तिकीट फाडतो, तसंच. अचानक स्ट्रिंग आलीच, तर पुन्हा जुनी चौकशी. पण प्रोग्रॅम डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसला असेल, तर याने काडीचा फरक पडणार नाही.

आकड्यांचे मोठे तक्ते असतील तर नमपाय ही लायब्ररी वापरा, म्हणजे लूप वेगवान सी भाषेत फिरतो. मात्र नमपायचा ॲरे घेऊन त्यावर पायथनचाच फॉर लूप चालवू नका. ते साध्या लिस्टपेक्षाही हळू पडतं. (हेही करून झालंय.) निव्वळ पायथनचेच लूप असतील तर पायपाय हा पायथनचा दुसरा, वेगवान इंटरप्रिटर चालवून बघा. थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधल्या कामाच्या समांतर धारा) वाढवून गणिताचं काम लवकर होईल ही आशा नेहमीच्या पायथनमध्ये धरू नका. जीआयएल या पायथनच्या आतल्या कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, त्यासाठी मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे काम अनेक वेगळ्या प्रोसेसमध्ये वाटणं.

प्रोफाइलमधल्या वरच्या दहा ओळी आणि ते फंक्शन इथे टाका, मग नेमकं सांगता येईल.