आधी आपले नाव सांग

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र काल दोनदा वाचले. अपघातात डोक्याला मार लागलेल्या बाबांनी तुला काकांच्या नावाने हाक मारली, तू दुरुस्ती केलीस तेव्हा शिवी हासडली, आणि गेले चार दिवस तू रुग्णालयाच्या खालच्या बाकावर बसून परत येत आहेस. 'त्यांना मी आठवतच नसेन तर वर जाऊन काय करू?' असे तू विचारतोस. धीर धर, असे मी लिहिणार नाही. तसे तर तुला सगळेच जण सांगत असतील. मला सांगायचे आहे ते एवढेच की, त्यांची परीक्षा घेऊ नकोस.

'ओळखलंत का मला?', 'आज वार कोणता?', 'कोण आलंय सांगा बघू?' हे प्रश्न आपल्याला मायेचे वाटतात. मार लागलेल्या मेंदूला मात्र ते न शिकवलेल्या धड्यावर फळ्यापाशी उभे केल्यासारखे असतात. डॉक्टर असे प्रश्न विचारतात तो त्यांच्या तपासणीचा भाग आहे, तेवढे पुरे. तू आत जा, त्यांना दिसशील असा समोर उभा राहा आणि आधी आपले नाव सांग: 'बाबा, मी अमुक, तुमचा धाकटा.' काल सांगितले असलेस तरी आज पुन्हा सांग.

तू जीसीएसचा, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलचा, हिशेब मांडला आहेस: पंधरापैकी चौदा, मग ओळख का नाही? तो आकडा ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या मापनाचा आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. सर्वांत कमी बेरीज शून्य नव्हे, ३. घशात नळी होती तेव्हा बोलण्याला गुण देणेच शक्य नव्हते, म्हणून कागदावर आकड्यापुढे 'टी' असायचा. आता बोलतात, पण गोंधळून बोलतात, म्हणून तिथला एक गुण कमी आहे. माणूस कितपत शुद्धीवर आहे, एवढेच ते मापन सांगते. शुद्धीवर आल्यावरही कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, नवी आठवण टिकत नाही. आणि रिकाम्या जागी मेंदू जे भरतो ते खोटे बोलणे नसते. काकांचे नाव जुने आहे आणि तुझा चेहरा काकांच्या वळणाचा आहे, एवढे तरी तुझ्या ध्यानात यायला हवे होते.

रागावू नकोस. मी स्वतः याहून वाईट वागले आहे. २००९ च्या मे महिन्यात आमचे यजमान मोटारसायकलवरून पडले. ते एसटीत वाहक होते, आणि माझी शिक्षिकेची नोकरी तेव्हा चोवीस वर्षांची झाली होती. सतराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि मी दुसऱ्याच दिवसापासून त्यांना मुलांची नावे, घराचा पत्ता, लग्नाची तारीख विचारू लागले. ते चादरीचे टोक बोटांत धरून चिमटत बसायचे, जणू तिकिटे फाडत आहेत, आणि 'पुढे सरका' म्हणायचे. 'अहो, ही गाडी नाही, दवाखाना आहे,' असे मी एकदा तीनतीनदा बजावले, तेव्हा त्यांनी नाकातली नळी उपसून काढली. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, 'मास्तर, गाडी थांबलेली आहे, जरा टेका.' ते टेकले. पुढे पुढे मी आत आले की ते भिंतीकडे तोंड फिरवू लागले. माझे नाव त्यांना आठवत नव्हते, पण ही बाई आली की काहीतरी अवघड होणार, हे मात्र त्यांच्या मनात पक्के बसले होते. ते मी बसवले होते.

त्यानंतर मी दारातच उभी राहू लागले. एका वेळी एक माणूस, पंधरा मिनिटे, मोबाईल बंद, आणि प्रश्न नाही. सासूबाई चार जणींना घेऊन आल्या आणि 'मला ओळखतोस की नाही?' म्हणून रडू लागल्या, तेव्हा मी त्यांनाही बाहेर नेले. आईला लेकाजवळ बसू दिले नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या या, असे मी त्यांना सांगितले होते, हे कोणीच सांगत नाही. मी चुकले असे मला आजही वाटत नाही. फक्त आवाज चढवायला नको होता.

तेव्हा तुझ्या आत्यांना तूच अडव. आईच्या अंगावर ते टाकू नकोस. सकाळी जा, कारण दिवस चढतो तसा थकवा वाढतो. एक वाक्य बोललास की थांब. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तू घाईने दुसरे वाक्य टाकलेस की पहिले हरवते. काकांच्या नावाने हाक मारली तर वाद घालू नकोस. एकदाच 'मी तुमचा धाकटा' म्हण आणि हात हातात घे. शिवी दिली तर थोडा वेळ बाहेर जाऊन पुन्हा ये. ते काही बोललेच नाहीत तर नुसता बसून राहा. मात्र परीक्षा घेऊ नकोस.

आणखी एक. तुझ्या चार पानी पत्रात त्यांच्या चष्म्याचा उल्लेख कुठेच नाही. माझ्या आठवणीत तरी ते चष्म्याशिवाय समोरची पाटी वाचू शकत नव्हते. अपघातात तो फुटला असेल तर दुकानदाराकडे नंबर असेल. आजच करायला टाक आणि डॉक्टरांना विचारून त्यांना लाव.

तुझ्या
बाई