आप्पा, बंटी आणि पुढचा सिग्नल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही घरी बनवलेल्या बाहुल्यांच्या छोट्या फिल्मबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी फिल्म बघितली नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत गोष्ट सांगते. आप्पा जुन्या छोट्या लाल गाडीतून निवांत चाललेत, मागून बंटी काळी मोठी गाडी घेऊन हॉर्न वाजवत येतो, कट मारतो आणि पुढे जातो. पुढच्या सिग्नलला आप्पा हळूच येऊन त्याच्या शेजारी उभे. असं चार सिग्नलला होतं, दरवेळी बंटीच्या गाडीचा काहीतरी एक पार्ट रस्त्यात पडलेला असतो आणि चौथ्या सिग्नलला आप्पा काच खाली करून त्याचा आरसा त्याच्या हातात देतात. बस, एवढंच.

ताई, बंटीची गाडी एवढी सुसाट कशी पळवलीत? दोरा बांधून ओढली का? किती दिवस लागले? (बारामती)

दोरा-बिरा काही नाही हो, गाडी एकदाही पळालेली नाहीये. टेबलावर ठेवायची, फोटो काढायचा, जराशी सरकवायची, परत फोटो, यालाच स्टॉप-मोशन म्हणतात. आम्ही सेकंदाला १२ फोटो धरले होते, फिल्म चालते २४ फ्रेमनी पण प्रत्येक फोटो दोनदा लावायचा, घरगुती कामाला तेवढं पुरतं. फिल्म ३ मिनिटं ४० सेकंदांची, म्हणजे २,६४० फोटो. नोकरी सांभाळून रविवार आणि सुट्ट्या गाठून केलं त्यामुळे अडीच महिने गेले, चांगला दिवस असला तर दीडशे फोटो व्हायचे आणि कोणी स्टँडला पाय मारला तर शून्य.

आता वेगाचं. सुरवातीला मला वाटलं सोप्पंय, हिशोब करू. आमची गाडी १२ सेंटीमीटरची, खरी गाडी धरा ४ मीटर, म्हणजे ३३ पट लहान. ताशी ६० ने जाणारी खरी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, तिला ३३ ने भागलं की अर्धा मीटर, त्याचे १२ भाग केले की प्रत्येक फोटोला चार सेंटीमीटर आणि वर थोडं. बंटी १२० ने जातोय म्हणून त्याला आठ सेंटीमीटर दिले. आणि बघतो तर काय, गाडी पळतच नव्हती, बेडकासारख्या उड्या मारत होती! कारण गाडीच्या अर्ध्या लांबीपेक्षा जास्त अंतर एका फोटोत सरकवलं की डोळ्याला ते धावणं वाटत नाही, गाडी इथून गायब आणि तिथे हजर असं वाटतं. शिवाय आमचं टेबल आठ फुटांचं, १२० च्या वेगाने बंटी अडीच सेकंदात टेबलाखाली.

मग हिशोबाचा कागद फेकून दिला. आप्पांना दीड सेंटीमीटर, बंटीला तीन-साडेतीन, आणि लांबचा शॉट असेल तर गाडी जागेवरच ठेवून मागची झाडं, खांब आणि दुकानं उलट्या दिशेने सरकवायची. पण वेग खरा कळतो तो निघताना आणि थांबताना. आप्पा सिग्नलला येतात तेव्हा त्यांचे आकडे असे होते : दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा, पाव, मग थांबले. बंटीचे : साडेतीन, साडेतीन, साडेतीन, शून्य, आणि मग चार फोटो गाडीचं बूड वर उचललेलं. बाहुल्यांचे चेहरे तुम्ही झाकले तरी कोण आप्पा आणि कोण बंटी ते नुसत्या या आकड्यांवरून कळतं, दोघांचा अख्खा स्वभाव त्या सेंटीमीटरांमध्येच आहे. मला स्वतःला हे फिल्म करताना कळलं, आधी मी उगाच बंटीच्या भुवया तिरक्या करत बसले होते.

अर्थात साडेतीनवरून शून्य हे फक्त टेबलावर जमतं. खऱ्या रस्त्यावर वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर लागणारं अंतर चौपट होतं, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत जो एक सेकंद जातो त्याचं वेगळं.

गणपतीची शाडू माती उरली आहे, तिच्या बाहुल्या चालतील का? (पेण)

पेणवाल्यांकडे शाडू नसणार तर कोणाकडे! पण नको. शाडू पाण्यात कालवलेली असते, लाइटखाली दोन तासात वाळते, हात वळवायला गेलात की कोपरात तडा. आम्ही हा प्रयोग करून एक आप्पा गमावलेत. मुलांची तेलकट रंगीत माती मिळते ना खेळण्यांच्या दुकानात, ती घ्या, ती वाळत नाही. आत ॲल्युमिनियमची तार पीळ देऊन घाला म्हणजे हात वाकवला की तिथेच राहतो. मात्र मे महिन्यात तीही मऊ पडते, आमचा बंटी दुपारच्या शूटिंगला स्टिअरिंगवर झोपायचा, त्याला अधूनमधून फ्रीजमध्ये ठेवायला लागायचं, सासूबाईंनी एकदा भाजी काढायला फ्रीज उघडला आणि... जाऊ दे.

गाड्या पुठ्ठ्याच्या आहेत. आप्पांचा सीटबेल्ट म्हणजे शर्टाच्या कॉलरमागची लेबलची पट्टी. स्कूटरवाल्या मुलाचं हेल्मेट म्हणजे पिस्त्याचं अर्धं साल, ते त्याने डोक्यावर न घालता कोपरात अडकवलंय हे पुण्याच्या सात वाचकांनी ओळखलं, बाकी कुठल्याच गावातून एकही पत्र नाही.

मी आठवीत आहे. मोबाइलवर फिल्म केली पण ती सारखी उजेड-अंधार, उजेड-अंधार करते. मोबाइल खराब आहे का? (सांगली)

मोबाइल ठीक आहे रे बाळा, तो जरा जास्तच हुशार आहे एवढंच. प्रत्येक फोटोला तो स्वतःच ठरवतो की आता किती उजेड घ्यायचा, रंग कसा धरायचा, फोकस कुठे करायचा. हे तिन्ही लॉक करायचं, स्टॉप-मोशनच्या ॲपमध्ये तसं बटण असतं. मग खिडकी बंद, पडदे लावायचे, सूर्य अजिबात आत यायला नको कारण दुपारी तीनची गाडी आणि साडेतीनची गाडी एकाच शॉटमध्ये आली की रंग वेगळा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, त्यामुळे काही बल्ब डोळ्याला दिसत नाही असे लुकलुकतात, शटरचा आकडा, म्हणजे एका फोटोला किती वेळ उजेड घ्यायचा तो, हाताने ठेवता येत असेल तर १/५० सेकंद ठेव. आणि पांढरा शर्ट घालून शूटिंग करू नकोस, तू पुढे वाकलास की शर्टाचा उजेड गाडीवर पडतो, काळा टी-शर्ट घाल. पंखाही बंद ठेवायला लागतो, झाडं हलतात, घाम पुसायला नॅपकिन घेऊन बस.

तुमची फिल्म मुलाला मुद्दाम दाखवली, तो हसला आणि दुसऱ्या दिवशी तशीच गाडी हाणत गेला. मग उपयोग काय? (नाशिक)

वहिनी, खरं सांगते, साडेतीन मिनिटांच्या फिल्मने कोणी सुधारेल असं मलाही वाटत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, सरकारचाच आकडा आहे, आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडलेत. हा आकडा मुलाला सांगून बघा, त्याला वाटेल हे दुसऱ्यांबद्दल आहे. प्रत्येकालाच तसं वाटतं, मला पण.

त्यापेक्षा त्याला वेळेचा हिशोब घाला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. घाट, टोल, ट्रॅफिक सगळं विसरा आणि धरा की रस्ता पूर्ण रिकामा आहे. ताशी १०० ने गेलं तर ५७ मिनिटं, १२० ने गेलं तर ४७. म्हणजे नियम मोडून, जीव मुठीत धरून, शेजारी बसलेल्याच्या शिव्या खाऊन वाचले किती, साडेनऊ मिनिटं, तेवढ्यात फूडमॉलला वड्याचं टोकन पण मिळत नाही. आणि गावात तर तेवढेही वाचत नाहीत, पुढचा सिग्नल सगळे परत घेतो. आमची फिल्म सुचली ती यातूनच. मला रोज ऑफिसला जाताना एक काळी गाडी घासून पुढे जायची आणि चौकात तीच गाडी माझ्या डाव्या हाताला उभी, आठवडाभर हे झाल्यावर आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो, मी एकदा मान हलवून नमस्कार पण केला.

तुम्ही फक्त तरुणांना झोडपलंय. आमचे हे उजव्या लेनमधून तीसने गाडी चालवतात, मागे रांग लागते, आणि वर म्हणतात मी किती सांभाळून चालवतो. त्यांच्यावर फिल्म कधी? (ठाणे)

हे पत्र वाचून आमच्या घरी टाळ्या वाजल्या! तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. उजवी लेन ओव्हरटेकला असते, तिथे तीसने जाणारा माणूस सांभाळून चालवत नाही, तो घाबरून चालवतोय आणि मागच्यांना डावीकडून घुसायला भाग पाडतोय. इंडिकेटर देऊन अर्धा किलोमीटर तसाच चालू ठेवणारे, वळायचं ठरेना म्हणून चौकाच्या मधोमध विचार करत उभे राहणारे, हे सगळे स्वतःला आप्पा समजतात. आमचे आप्पा डाव्या लेनमध्ये आहेत बघा परत, आणि वेगमर्यादा ५० ची असेल तर पंचेचाळीसने जातात. तुमच्या ह्यांच्यावरच पुढची फिल्म, नाव वगैरे बदलून, काळजी करू नका.

ही कल्पना परदेशी फिल्मवरून ढापली आहे का? (कोल्हापूर)

ढापली नाही, पण आधी कोणी केलंच नाही असंही नाही. चेकोस्लोव्हाकियात ब्रेटिस्लाव पोयार नावाच्या दिग्दर्शकाने १९५३ च्या सुमारास बाहुल्यांची एक फिल्म केली होती, मोटरसायकलवाला वाटेत थांबून पितो आणि मग पुढे काय होतं त्याची, आणि १९५४ ला कान महोत्सवात तिला बक्षीसही मिळालं होतं. लाकडाच्या बाहुल्या, चेहरा हलत नाही, तरी त्या माणसाला चढत चाललेली अंगावरून कळते. ती बघून मी बंटीच्या भुवयांचा नाद सोडला एवढं उधार मात्र घेतलंय.

आणि परदेशात कशाला जायचं, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचा रोज थोडा थोडा फोटो घेत रोप उगवताना दाखवलं होतं, ते राजा हरिश्चंद्रच्याही आधी, पैसे उभे करायला. मग १९१५ ला ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फिल्म, काड्या सरकवून सरकवून केलेली. आपण कोल्हापूरकरांनी तरी ही कला परदेशी म्हणू नये असं मला वाटतं.

शेवटी बंटीला अपघात का नाही झाला? मजा आली असती. (अकोला)

केला होता ना! बंटीची गाडी दुधाच्या टँकरवर आपटते, सगळीकडे कापसाचं दूध, बंटी पोळीसारखा चपटा. १४० फोटो, दीड दिवसाचं काम. मग एका शाळेत मुलांना दाखवली तर तो सीन आल्यावर पोरं बाकावर उभी राहून ओरडायला लागली, परत दाखवा, परत दाखवा! मधल्या सुट्टीत बघते तर सगळी पोरं मैदानात बंटी होऊन एकमेकांवर आपटतायत, आप्पा व्हायला एकही तयार नाही. मातीचा माणूस चपटा होतो आणि पुढच्या फोटोत परत उभा राहतो, त्यामुळे आपटणं हेच सगळ्यात भारी वाटतं. घरी येऊन तो सीन काढला आणि त्या जागी आरसा परत देण्याचा शेवट केला. आता तीच पोरं आप्पांसारखी काच खाली करायची ॲक्शन करतात असं त्यांच्या बाई म्हणाल्या, आणि आपटतातही.

ट्रकच्या मागे काहीच कसं लिहिलेलं नाही? ट्रक वाटतच नाही. (सोलापूर)

हॉर्न ओके प्लीज लिहिणार होते, पण २०१५ मध्ये आपल्या राज्यात गाड्यांवर ते लिहायला बंदी आली, लोक त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून. रस्त्यावर अजून दिसतं ते सोडा. सांभाळून चालवण्याच्या फिल्ममध्ये आपणच नियम मोडायचा म्हणजे वाचकांची पत्रं ठरलेली, म्हणून कोरा ठेवला, तर त्यावरही पत्र आलंच. हॉर्नचा आवाज मात्र भाच्याच्या पिपाणीचा आहे.

आप्पांच्या मागच्या सीटवर स्टीलचा डबा आहे तो कसला? मला वाटतं पुरणपोळ्यांचा, लेकीकडे चालले असतील. (लातूर, वय ७१)

आजी, तुमची गोष्ट आमच्यापेक्षा छान आहे, पण तो डबा म्हणजे चंदेरी कागदात गुंडाळलेले चार जाड नटबोल्ट आहेत. पुठ्ठ्याची गाडी इतकी हलकी की बोट लागलं तरी सरकायची आणि आप्पांचा दीड सेंटीमीटर बिघडायचा, म्हणून मागे वजन ठेवलं. बंटीच्या गाडीत नाही ठेवलं, ती हलली तरी चालत होती.