नगरपंचायत कुत्री उचलून जंगलात सोडते म्हणते, ते चालतं का?

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: बाजार चौकात वाढलेली कुत्री, एका पोराला झालेला चावा, आणि "गाडी बोलावून जंगलात सोडून देतो" हे नगरपंचायतीचं उत्तर. पोराचं आधी.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण घरची माणसं दोन मिनिटांतच थांबतात. तिखट, चुना, हळद, तेल काहीही भरू नका. लगेच टाके आणि घट्ट पट्टीही टाळतात. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. कातडीत देत असतील तर 0, 3, 7 आणि 28 वा दिवस, स्नायूत देत असतील तर 14 वा दिवसही धरायचा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि तिच्या भोवती सिरम (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. पहिल्या डोसच्या वेळी सिरम राहून गेलं असेल तर सातव्या दिवसापर्यंत घेता येतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेत ठेवा, पण त्या नादात लस थांबवू नका. कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे एवढंच कळतं. त्याला यंदा रेबीजची लस दिली आहे की नाही, हे खाचेवरून कळत नाही.

आता जंगलाचं. हे चालत नाही. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत. त्यांनुसार मोकाट कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. आपल्याकडे हा मुद्दा कागदापुरता राहत नाही. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या काठावरच्या गावांना कुत्र्यांमागे बिबट्या येतो हे माहीत आहे. जंगलकाठी सोडलेली कुत्री जवळच्या वस्तीत शिरतात आणि बिबट्यालाही तिथवर आणतात. उरलेली टोळीने चितळाची पाडसं मारतात, आणि डिस्टेंपरसारखा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार वाघ-बिबट्यापर्यंत पोचवू शकतात. शिवाय चौकातलं उष्टं तिथेच राहतं, म्हणून रिकाम्या जागी शेजारच्या मोहल्ल्यातली नवी, बिनलसीची कुत्री येतात.

विष घालायचं कोणी सुचवलं तर त्याला स्पष्ट सांगा: जनावर मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ते विष शेळ्या-कोंबड्यांच्या आणि लेकरांच्याही वाटेत पडतं.

शाळा, दवाखाना आणि बसस्थानक यांची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानुसार अशा आवारातली कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर परत तिथे सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची, आणि आवाराला कुंपण करायचं. पिसाळलेलं किंवा तसा संशय असलेलं आणि अंगावर धावून जाणारं कुत्रंही परत सोडायचं नाही, हे 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात आहे. तुमचा चौक बसस्थानकाला लागून असेल तर अर्जात दोन्ही जागा वेगळ्या लिहा, नाहीतर सगळं एकाच फाईलमध्ये अडकतं.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना. "कुत्र्यांचा बंदोबस्त करा" असं मोघम लिहिलं तर दोन दिवस गाडी फिरते आणि विषय संपतो. आकडा द्या, आणि तो काढणं अवघड नाही. पहाटे पाच ते सात, कुत्री झोपून उठायच्या वेळी, ठरलेल्या गल्ल्यांतून फिरा. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो, नर की मादी, कानाला खाच आहे का, दूध पाजते का, एवढं लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने पुन्हा जा. समजा पहिल्या दिवशी 40 दिसली, दुसऱ्या दिवशी 36, आणि त्यातली 24 कालचीच. मग 40 गुणिले 36 भागिले 24, म्हणजे अंदाजे 60 कुत्री. रेबीजची साखळी तोडायला 70 टक्के लसीकरण लागतं, म्हणजे या उदाहरणात 42. नसबंदीचंही लक्ष्य तेवढंच धरा.

बहुतेक ठिकाणी काम इथे फसतं: 17 प्रभागांत थोडी थोडी कुत्री पकडतात. प्रत्येक प्रभागात पाच-सात माद्या उरतात, एकेक मादी चार-सहा पिल्लं देते, आणि वर्षभरात लोक म्हणतात पैसे वाया गेले. एक प्रभाग पूर्ण करा, मगच पुढचा घ्या. माद्या आधी. वेळही महत्त्वाची आहे. आपल्याकडे कुत्र्यांचा माजाचा जोर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत असतो, गाभण काळ साधारण दोन महिने, म्हणून पिल्लं थंडीत दिसतात. शस्त्रक्रिया त्याआधी, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकाव्यात. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली टाके घातलेलं कुत्रं ठेवणं म्हणजे त्याला मरायला ठेवणं. जमलं नाही तर पाऊस लागल्यावर जुलैत घ्या, पण पिंजरा कोरडा हवा, नाहीतर टाके चिघळतात. सहा महिन्यांखालची पिल्लं आणि पाजत्या माद्या पकडायच्या नाहीत.

ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या आणि निविदेत या अटी आहेत का ते पाहा: संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र हवं, पकडण्याआधी मोहल्ल्यात सूचना द्यायला हवी, जाळ्याने किंवा हाताने पकडायचं, तारेचा फास किंवा चिमटा नाही. प्रत्येक कुत्र्याला क्रमांक, उचलल्याची जागा आणि सोडल्याची जागा नोंदवहीत. नसबंदीत काढलेले अवयव देखरेख समितीसमोर मोजूनच बिल द्यायचं. ही एक अट गाळली की कागदावरची कुत्री वाढतात.

याच अर्जात चिकन सेंटरवाल्यांचाही परिच्छेद घाला. आतडी आणि पिसं उघड्या ड्रममध्ये टाकली जातात. झाकणाचा ड्रम आणि रोज संध्याकाळी दुकान बंद होताना उचल, घंटागाडीची सकाळची फेरी त्याला उपयोगाची नाही, कारण रात्रभर तिथेच जेवण चालतं. मंगल कार्यालयाच्या मागचं उष्टंही तसंच. जे रोज पोळ्या घालतात त्यांना हाकलू नका. शाळेच्या फाटकापासून दूर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घाला म्हणावं. कुत्री त्यांच्या हाताला येतात, म्हणून पकडायच्या दिवशी गाडीवाल्यांना सगळ्यात जास्त मदत त्यांचीच होते.